खेचरांच्या पायऱ्या: सोयेरच्या डोंगरवाटा कुणी बांधल्या?

आजच्या भागात आपण भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर जाणार आहोत. बेट मायोर्का, स्पेनचं. गाव सोयेर. स्पेलिंगमध्ये दोन ‘एल’ दिसतात, पण म्हणायचं सोयेर. मायोर्का म्हटलं की लोकांना समुद्रकिनारे आणि हॉटेलं आठवतात. पण बेटाच्या वायव्य अंगाला त्रामुंताना नावाची डोंगररांग आहे, आणि सोयेर त्या डोंगरांमध्ये वाटीच्या तळाशी बसावं तसं बसलंय. जवळच पुइग माजोर आहे, बेटावरचं सगळ्यात उंच शिखर. उंची १,४०० मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडी कमी.

जगभरातून ट्रेल रनर इथे पळायला येतात, मीही त्यातलाच. पण आजचा भाग पळण्याच्या टिप्सचा नाही, इतिहासाचा आहे. कारण इथे तुमच्या पायाखाली येते ती नुसती मळलेली वाट नसते, बांधलेली वाट असते. मग प्रश्न पडतो, एवढ्या उंचावर, एवढ्या कष्टाने ती कुणी बांधली? कशासाठी? आणि ज्या कामासाठी बांधली ते काम संपल्यावर ती टिकली कशी?

पाखाडी आणि खेचर

सोयेरच्या वर बिनियाराइश नावाची छोटी वाडी आहे. नावातलं ‘बिनी’ अरबी आहे, अर्थ ‘अमक्याची मुलं’, म्हणजे अमक्या कुळाची वस्ती. मायोर्कावर इ. स. ९०२ पासून १२२९ पर्यंत मुस्लिम सत्ता होती, त्या काळाची ही खूण. पुढे आरागॉनचा राजा जाउमे पहिला याने बेट जिंकलं. राज्य बदललं, पण वाड्यांची नावं तशीच राहिली, आणि डोंगरउतारावर पाणी खेळवायची पद्धतही राहिली.

या वाडीपासून एक घळ वर चढते आणि घळीतून एक वाट. कोकणातल्या माणसाला एका शब्दात सांगता येईल: पाखाडी. दगडी पायऱ्यांची वाट वळणं घेत घेत सातशे-आठशे मीटर चढते आणि लोफ्रे शिखराच्या बाजूच्या खिंडीत पोचते. दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या झाडांची टप्पाशेती. या टप्प्यांना तिथे ‘मर्जादा’ म्हणतात. कानाला आपली ‘मर्यादा’ वाटते, पण तो योगायोग समजा.

या पायऱ्यांवर पळायला लागलं की पहिल्या पाच मिनिटांत एक गोष्ट लक्षात येते. पायरी आपल्या पावलाच्या मापाची नाही. ती बुटकी आहे आणि लांब आहे. एका ढांगेत ओलांडायला जास्त, दोन ढांगांना कमी. लय सारखी तुटते. याचं कारण सोपं आहे, ही पायरी माणसासाठी नाहीच. ती ओझं लादलेल्या खेचरासाठी आहे.

आता बांधकाम बघा. यात चुना नाही, सिमेंट नाही. दगड एकमेकांत असा बसवायचा की वजनानेच तो घट्ट व्हावा. भिंतीच्या आत बारीक दगडांचा भराव. कोकणात गडगा घालतात तेच तत्त्व, फक्त तिथे जांभा आणि इथे चुनखडी. सांध्यात काही भरलेलं नसल्याने पाऊस भिंतीतून झिरपून जातो, मागे साचून भिंत ढकलत नाही. वाटेवर तिरक्या दगडी पट्ट्या असतात, पायरीसारख्याच दिसतात. त्या पाणी बाजूला वळवण्यासाठी. डोंगरातल्या वाटेचा खरा शत्रू पाणी असतो, आणि हे ज्याने ओळखलं त्याचीच वाट शंभर वर्षं टिकते.

हे काम करणाऱ्या गवंड्यांना ‘मर्जेर’ म्हणतात. म्हणजे मर्जादा बांधणारे.

वाटेवरून काय जायचं?

पहिलं उत्तर, तेल. घळीतल्या टप्प्यांवरचं ऑलिव्ह खाली घाण्यावर न्यायचं. हंगामात माणसं शेतातल्या दगडी खोपट्यांतच मुक्काम करायची, रोज एवढं चढउतार कोण करणार?

दुसरं उत्तर, कोळसा आणि चुना. ओकच्या रानात पळताना मध्येच सपाट गोल चौथरे लागतात. तिथे लाकूड रचून, वरून माती लिंपून आतल्या आत जाळायचे. त्यावर सतत नजर ठेवावी लागे, म्हणून कोळसा पाडणारी कुटुंबं महिनोन् महिने रानातच राहायची. जवळपास चुन्याच्या भट्ट्यांचे खड्डेही दिसतात.

तिसरं उत्तर ऐकून मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. बर्फ! भूमध्य समुद्राच्या बेटावर बर्फाचा धंदा. साधारण सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हा चालला. उंच डोंगरांवर दगडी बर्फघरं बांधलेली होती, जमिनीत अर्धी गाडलेली. हिवाळ्यात हिम पडलं की मजूर वर जायचे, ते गोळा करून आत टाकायचे, पायांनी तुडवून घट्ट करायचे. मधे मधे गवताचे थर. उन्हाळ्यात त्याच्या लाद्या काढून रात्रीच्या गारव्यात खेचरांवरून खाली न्यायच्या. पाल्मा शहरात तो बर्फ तापावर, रक्तस्रावावर औषध म्हणून जायचा आणि सरबतं, आईस्क्रीम करायलाही. इथे वाट खराब असून चालणारच नव्हतं. खेचर अडखळलं, उशीर झाला, की मालाचं पाणी.

आणि चौथं उत्तर, यात्रेकरू. त्याच घळीतून पुढे ल्युकच्या मठाकडे वाट जाते. मायोर्काचं सगळ्यात मोठं श्रद्धास्थान म्हणजे हा मठ. म्हणजे एकाच पाखाडीवरून पोटाचं ओझंही जायचं आणि नवसाचंही.

संत्री, समुद्र आणि आगगाडी

सोयेर गाव बंदरापासून तीनेक किलोमीटर आत आहे. याला कारण समुद्री चाचे. ११ मे १५६१ ला चाच्यांनी खरोखरच हल्ला केला आणि गावकऱ्यांनी तो परतवला. आजही दर मे महिन्यात गावात त्या लढाईचं नाट्य रंगतं.

पुढे याच बंदराने गाव श्रीमंत केलं. राजधानी पाल्मा पलीकडे, पण मध्ये डोंगर. जवळपास ५०० मीटर उंचीची खिंड ओलांडावी लागे. त्यापेक्षा जहाजात संत्री भरून थेट फ्रान्सला पाठवणं सोपं! एकोणिसाव्या शतकात संत्र्यांवर रोग पडला, तेव्हा कितीतरी कुटुंबं फ्रान्सला गेली आणि तिथल्या गावोगावी फळांची दुकानं थाटली. काहींनी पैसा कमावून परत येऊन मोठी घरं बांधली.

१९१२ मध्ये सोयेर ते पाल्मा आगगाडी सुरू झाली. डोंगर फोडून बोगदे काढले, त्यातला सगळ्यात लांब जवळपास तीन किलोमीटरचा. पुढच्याच वर्षी गाव ते बंदर ट्राम आली. दोन्ही आजही चालतात.

डोंगरवाटांच्या दृष्टीने इथे काळ बदलला. माल डब्यांतून जायला लागला. बर्फाचे कारखाने आले, बर्फघरं बंद. गॅस आला, कोळसा बंद. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पर्यटन आलं, आणि टप्प्यांवर राबण्यापेक्षा किनाऱ्यावरच्या हॉटेलात नोकरी बरी असं तरुणांना वाटलं. त्यांचं काय चुकलं? पण दरवर्षी कुठेतरी एक दगड निसटतो. तो लगेच बसवला तर अर्ध्या तासाचं काम. नाही बसवला तर दोन पावसाळ्यांत भिंतीला खिंडार पडतं आणि खालची वाट ढिगाऱ्याखाली जाते.

मग वाटा वाचल्या कशा?

१९८० च्या दशकात लोकांना जाणवलं की म्हातारे मर्जेर गेले की ही कला गेली. मग तरुणांना शिकवणाऱ्या शाळा सुरू झाल्या. हे काम पुस्तकातून येत नाही. दगड हातात घेऊन त्याचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे कळायला जुन्या माणसाशेजारी बसावं लागतं. बेटाच्या शासनाने जुन्या वाटा जोडून ‘कोरड्या दगडांचा मार्ग’ आखला, रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा. मुक्कामाला जुन्या इमारती दुरुस्त केल्या. बंदरावरचं मुलेताचं मुक्कामघर तर जुन्या तारघरात आहे. २०११ मध्ये युनेस्कोने त्रामुंतानाला जागतिक वारशात घेतलं, तेही ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून. म्हणजे डोंगर सुंदर आहेत एवढ्यासाठी नव्हे, माणसांनी ते घडवले म्हणून. २०१८ मध्ये बिनचुन्याच्या दगडी बांधकामाची कलाही युनेस्कोच्या यादीत गेली. स्पेनसह आठ देशांनी मिळून ती मांडली होती.

पण सगळं गोड आहे असं समजू नका. या डोंगरांतली बहुतेक जमीन खासगी आहे. पूर्वी यात्रेकरू आणि खेचरवाले मालकाच्या शेतातून जायचे, त्याला कुणाची हरकत नसे. आता काही ठिकाणी फाटकाला कुलूप दिसतं आणि ‘ही वाट सार्वजनिक का खासगी’ यावर वर्षानुवर्षं कोर्टात भांडणं चालतात. मालकाची बाजूही अगदी खोटी नाही. रोज शेकडो लोक ऑलिव्हच्या बागेतून गेले, भिंतीवर चढून फोटो काढले, तर पडलेला दगड कोण उचलणार? दुसरीकडे, पिढ्यान् पिढ्या लोकांनी ओझी वाहून जी वाट वहिवाटीची केली, ती एका कुलपाने बंद कशी होईल?

माझं मत विचाराल तर वाट सगळ्यांची असावी, पण मग तिची दुरुस्तीही सगळ्यांची. आपण म्हणतो, वाट चालल्याने टिकते. सोयेरचा इतिहास मला वेगळं सांगतो. चालल्याने वाट झिजते. त्या घळीतली चुनखडी इतकी गुळगुळीत झाली आहे की पावसात उतरताना पळणं सोडून मी चक्क बाजूच्या भिंतीला धरून चाललो होतो. वाट टिकते ती निसटलेला दगड वेळेवर परत बसवणाऱ्या हातांमुळे. त्यातल्या एकाचंही नाव कुठल्या पायरीवर कोरलेलं नाही.

तुमच्या गावात अशी जुनी पाखाडी किंवा घाटवाट असेल, तर तिच्यावरून पूर्वी काय जायचं हे घरातल्या मोठ्यांना विचारा आणि आम्हाला जरूर कळवा. आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!