‘मागे’ बटणाची गोष्ट : एकपानी वेब अ‍ॅपमधील राउटिंगचा इतिहास

१/ दुव्यावर बोट टेकवावे, पान न चमकता दृश्य बदलावे, वरचा पत्ताही बदलावा आणि ‘मागे’ म्हणताच आधीचे दृश्य परत यावे. आज हे स्वाभाविक वाटते. त्यामागे मात्र सुमारे दहा वर्षांची धडपड आहे. त्या धडपडीचा हा आढावा. 🧵

२/ टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. त्या रचनेत प्रत्येक पानाला स्वतंत्र पत्ता होता. ब्राउझर पत्त्यावरून पान मागवी, सर्व्हर ते संपूर्ण धाडी. वाचक कोणत्या वाटेने आला याची नोंद ब्राउझरच ठेवी आणि ‘मागे’ बटण त्या नोंदीवर चाले. संकेतस्थळ उभारणाऱ्याला त्यासाठी काहीच करावे लागत नसे.

३/ १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर एक नवी सोय आली. पान तसेच ठेवून जावास्क्रिप्टला सर्व्हरकडून माहिती आणता येऊ लागली. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स याच तंत्रावर उभे राहिले. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी त्याला ‘एजॅक्स’ हे नाव दिले.

४/ वेग वाढला, पण पत्ता हरवला. दृश्ये अनेक, पान मात्र एकच आणि त्याचा पत्ताही एकच. आवडलेल्या दृश्याचा दुवा मित्राला धाडता येईना. ‘मागे’ दाबले की वापरकर्ता आधीच्या दृश्याऐवजी थेट अ‍ॅपच्या बाहेर पडे.

५/ तोडगा सापडला तो ‘#’ या जुन्या चिन्हात. पानातल्या विशिष्ट भागाकडे नेण्यासाठी ते योजले होते. त्यापुढचा मजकूर बदलला तरी ब्राउझर पान नव्याने मागवत नाही. मग विकासकांनी तक्ते लिहिले : अमुक खूण असेल तर अमुक दृश्य. हाच राउटर. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये मात्र ‘मागे’ची नोंद व्हावी म्हणून पानात अदृश्य चौकट दडवावी लागे.

६/ या तोडग्यात एक मूलभूत उणीव होती. ‘#’ नंतरचा भाग सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे शोधयंत्रांना ही दृश्ये दिसेनात. २००९ मध्ये गूगलने ‘#!’ म्हणजे ‘हॅशबँग’ची पद्धत सुचवली. २०१० मध्ये ट्विटरने नव्या रूपात तिचा अवलंब केला.

७/ फेब्रुवारी २०११ मध्ये गॉकर समूहाच्या संकेतस्थळांनीही हीच वाट धरली. नव्या रूपाच्या आरंभीच जावास्क्रिप्टमध्ये बिघाड झाला आणि लेखांऐवजी कोरी पाने दिसू लागली. पत्ता पुरता जावास्क्रिप्टच्या हवाली केल्याचा धोका त्या दिवशी उघड झाला.

८/ खरा उपाय याच सुमारास एचटीएमएल५ मधून आला. ‘पुशस्टेट’ या आज्ञेने पान न बदलता पत्ता बदलता येई आणि नोंदवहीत नवी ओळ चढे. ‘मागे’ दाबताच ब्राउझर ‘पॉपस्टेट’ ही सूचना देई आणि अ‍ॅप जुने दृश्य पुन्हा उभे करी. पत्त्यातून ‘#’ गेले.

९/ या सोयीबरोबर एक नवी जबाबदारी आली. असा पत्ता थेट उघडला किंवा पान ताजे केले की तो सर्व्हरकडे जातो. तिथे त्या नावाची फाइल नसते, म्हणून ४०४ ही चूक दिसते. अशा प्रत्येक पत्त्याला अ‍ॅपचे मूळ पानच द्यावे, अशी व्यवस्था सर्व्हरवर करावी लागते. नवशिके आजही इथेच अडखळतात.

१०/ ही कामे ग्रंथालयांनी अंगावर घेतली : २०१० मध्ये बॅकबोन, २०१४ मध्ये रिअ‍ॅक्ट राउटर. २०१२ मध्ये ट्विटरने हॅशबँगकडे पाठ फिरवली आणि २०१५ मध्ये गूगलनेही आपली सूचना मागे घेतली.

११/ जुने दुवे मात्र लेखांत आणि पत्रांत विखुरलेले राहिले. सर्व्हरला ‘#’ नंतरचे काही दिसत नसल्याने त्यांना नव्या पत्त्याकडे वळवण्याचे काम तो करू शकत नाही. त्यासाठी मूळ पानात जावास्क्रिप्टचा तुकडा कायम जपावा लागतो. तो काढला की दुवा कुठे नेत होता हे सांगणारे कोणी उरत नाही.

१२/ चांगले पत्ते बदलत नाहीत, असा आग्रह बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका लेखात धरला होता. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. संदर्भाचा पत्ता मोडला की पुरावाच हाती लागत नाही. राउटरमध्ये वाटा आखणारा विकासक उद्याच्या अभ्यासकाचे संदर्भच लिहीत असतो.