धनुष्यासाठी यूचे लाकूड
यू (टॅक्सस बकाटा) हा यूरोपातील सदाहरित सूचिपर्णी वृक्ष. मध्ययुगीन इंग्लंडमधील लांब धनुष्ये मुख्यतः याच्या लाकडाची असत. प्रत्यंचा ओढली की धनुष्याची लक्ष्याकडील बाजू (पाठ) ताणली जाते आणि तिरंदाजाकडील बाजू (पोट) दाबली जाते. यूच्या सालीलगतचे फिकट रसकाष्ठ ताण उत्तम सोसते, तर आतले तांबूस मध्यकाष्ठ दाब. हे दोन्ही थर एकाच ओंडक्यात निसर्गतःच जुळलेले मिळतात, हे या लाकडाचे खरे वैभव.

ओंडका सरळ धाग्याचा, कमी गाठींचा निवडतात. तो करवतीने कापण्यापेक्षा धाग्याच्या दिशेने फोडणे श्रेयस्कर. पाठीवरचा धागा तुटला असेल, तर चीर तिथूनच सुरू होते. गाठ आलीच, तर तिच्याभोवती लाकूड थोडे जाड राखतात. सावकाश वाढलेल्या, दाट वार्षिक वलयांच्या लाकडाला मोठी मागणी असे. इंग्लंड ते यूरोप खंडातून आयात करी. 1472 च्या कायद्याने व्यापारी जहाजांवर धनुष्याचे लाकूड आणण्याची सक्तीच केली. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेच्या अवशेषांत यूची 137 अखंड धनुष्ये सापडली.