पराभवातून घडलेले पाटीलबावा

महादजी शिंद्यांचे नाव उत्तरेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांस नवे नाही. त्यांच्या विजयांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस मात्र त्या विजयांपेक्षा त्यांच्या पराभवांनंतरची वर्षे अधिक विचारार्ह वाटतात. पन्नाशीकडे येताच माणसाच्या कार्यपद्धतीस ताठरपणा येतो, हे आम्ही कचेऱ्यांतून नित्य पाहत आलो. या पुरुषाने आपली पद्धत खरी बदलली ती त्याच वयात.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर महादजींच्या पायास जबर जखम झाली व ते जन्माचे लंगडे झाले. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना वाचविले. पुढे महादजींनी त्यास भाऊ मानून सरदारकीस चढविले. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौज पुन्हा दिल्लीत शिरली. येथपर्यंतचे यश जुन्या घोडदळाचेच होते.

त्या पद्धतीची मर्यादा इंग्रजांशी झालेल्या युद्धात दिसून आली. वडगावास १७७९ मध्ये इंग्रजांची कोंडी झाली खरी. परंतु ऑगस्ट १७८० मध्ये कंपनीच्या कवायती शिपायांनी रात्री कडा चढून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, आणि पुढच्याच वर्षी महादजींच्या छावणीवरही रात्री छापा पडला. रात्रीचा छापा हे तर मराठ्यांचे स्वतःचे हत्यार! महादजींनी काळ ओळखला. १७८२ च्या सालबाईच्या तहात ते लढणाऱ्या पक्षातून मध्यस्थ व जामीनदार झाले, आणि १७८४ मध्ये त्यांनी सॅव्हॉयच्या दि बॉयन या सेनानीस चाकरीस ठेवून दोन कवायती पलटणी उभ्या केल्या. त्याच साली बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे पदही त्यांनी पेशव्यांच्या नावे मिळविले. एवढी सत्ता हाती आली तरी स्वतःस ते पाटीलच म्हणवीत.

मात्र नवी रीत स्वीकारली म्हणजे ती लगेच फळते असे नाही. जुलै १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत दि बॉयनच्या पलटणी राठोडांच्या घोडदळापुढे टिकल्या, पण बादशाही पलटणी थकलेल्या पगारासाठी शत्रूस जाऊन मिळाल्या. महादजींस माघार घ्यावी लागली. उत्तरेतील सारा डाव मोडला. दिल्लीत गुलाम कादिराने १७८८ मध्ये बादशहाचे डोळे काढले.

आमच्या मते महादजींचे खरे मोठेपण यापुढे आहे. त्यांनी कवायतीस दोष दिला नाही. दिल्ली परत घेतल्यावर त्यांनी दि बॉयनकडून दहा पलटणींचा कंपू उभारविला, त्याच्या खर्चासाठी दुआबातील परगण्यांचा वसूल तोडून दिला आणि आग्र्यास तोफा ओतविल्या. शिपायाचा पगार वेळेवर होऊ लागला. (सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या वाचकांस याचे महत्त्व सांगावयास नको!) जून १७९० मध्ये पाटण येथे आणि सप्टेंबरात मेडत्यास या कंपूने विजय मिळविले. लालसोटचे अपयश तीन वर्षांत धुऊन निघाले.

तरीही एक उणीव राहिली, आणि तिची किंमत मोठी होती. कंपूंचे वरचे अधिकारी बहुतेक युरोपीयच राहिले. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस महादजी निवर्तले. त्यांच्यामागे दौलतराव गादीवर आले. ती व्यवस्था तपासून पाहणारा मात्र कोणी आला नाही. अन्य दरबारांच्या पलटणींचीही गत पुढे याहून फारशी वेगळी झाली नाही, पण शिंद्यांचे नुकसान सर्वांत मोठे. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच अनेक युरोपीय अधिकारी चाकरी सोडून गेले. १ नोव्हेंबर रोजी लासवारीस शिंद्यांच्या पलटणी त्यांच्यावाचूनच लढल्या. गोलंदाज तोफांपाशीच पडले. इंग्रज सेनापती लेक यानेही त्यांचे शौर्य नावाजले. पण त्या दिवशी उत्तर हिंदुस्थान शिंद्यांच्या हातून गेले.