लहान होड्यांची बांधणी व तिचीं साधनें

मराठ्यांच्या आरमाराविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. गुराबा व गलबतें, त्यांवरील तोफा, आंग्रे व धुळप यांच्या लढाया, यांची माहिती कागदपत्रांच्या आधारें बऱ्याच अंशीं हातीं आली आहे. परंतु चार-दोन माणसांस नेणारी, घरच्या अंगणांत किंवा किनाऱ्याच्या वाळूवर बांधली जाणारी जी लहान लांकडी होडी, तिची बांधणी इतिहासांत सहसा येत नाहीं. तिच्याकरितां कोणतीं साधनें उपलब्ध आहेत, त्यांपैकीं कोणतें किती विश्वसनीय, व कोणतें साधन आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहे, एवढ्याचाच विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

प्रथम ग्रंथांकडे वळूं. धारेच्या भोजराजाच्या नांवावर असलेला 'युक्तिकल्पतरु' हा संस्कृत ग्रंथ या विषयीं नेहमीं पुढें केला जातो. राधाकुमुद मुखर्जी यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्यांतील नौकाप्रकरणाचा विशेष उपयोग केल्यापासून तें सर्वतोमुखीं झालें. त्यांत सामान्य नौकेचे दहा प्रकार सांगितले असून सर्वांत लहान जी क्षुद्रा, तिची लांबी १६ हात, रुंदी ४ हात व उंचीही ४ हात दिली आहे. दीड फुटाचा हात धरिल्यास ही नौका २४ फूट लांब, ६ फूट रुंद व ६ फूट खोल होते. एवढ्या खोल होडींत बसून वल्हें पाण्यास पोंचविणें कठीण, आणि रुंदीइतकीच उंची असलेली होडी वाऱ्यांत स्थिर राहणेंही कठीण. पुढील प्रकारांत तर भीमा ४०, २०, २० व चपला ४८, २४, २४ असे आंकडे एका सांच्यांतून काढल्याप्रमाणें येतात. हें सुताराचें माप नसून पंडिताचें गणित आहे, असें आम्हांस वाटतें. मात्र त्याच ग्रंथांतील 'दीर्घा' वर्गाची गोष्ट निराळी. त्यांतील दीर्घिका ३२ हात लांब व ४ हात रुंद, म्हणजे लांबी रुंदीच्या आठपट. उंची लांबीचा दशांश. लांब व निरुंद अशी ही घडण झाडाच्या बुंध्यापासून कोरलेल्या होडीशीं जुळते. तेव्हां ग्रंथ सर्वस्वीं टाकाऊ नव्हे. पण प्रत्यक्ष होडीशीं ताडून पाहिल्यावांचून तो प्रमाण मानतां येत नाहीं.

मराठी कागदांची स्थिति याहून वेगळी आहे. कृष्णाजी अनंत सभासद यानें १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरींत शिवछत्रपतींच्या आरमारांतील जहाजांच्या जातींबरोबर मचवा व पगार हीं लहान जातीचीं नांवेंही येतात. पण तेथें केवळ नांवेंच आहेत. रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र (सुमारें १७१५) अधिक बोलकें आहे. आरमारासाठीं लांकूड कोठून आणावें, याविषयीं त्यांत स्पष्ट आज्ञा आहे. साग वगैरे झाडें हुजूरच्या परवानगीनें तोडावीं. आंबा व फणस हींही कामाचीं खरीं, परंतु रयतेनें तीं लेंकराप्रमाणें वाढविलेलीं असल्यामुळें त्यांस हात लावूं नये. एखादें झाड फारच जीर्ण असेल तर धन्यास राजी करून व मोल देऊन तें घ्यावें, असा त्याचा आशय आहे. लांकडाची जात, मालकी व किंमत या गोष्टी सरकाराशीं संबंध असलेल्या, म्हणून त्या कागदावर आल्या. तें लांकूड वांकवावें कसें, फळीस फळी कशी बसवावी, हें सुताराच्या हातांतलें. त्याची आज्ञा काढण्याचें कारणच नव्हतें.

तिसरें साधन चित्रांचें व शिल्पांचें. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत पांचव्या शतकांतील शिडाच्या जहाजाचें चित्र आहे. मुंबईजवळ बोरिवलीस एकसर येथें जे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरल्या आहेत. यांवरून बाह्य आकार कळतो. परंतु पाण्याखालचा भाग, फळीची जाडी व सांधा हीं चित्रकार दाखवीत नाहीं.

आतां उरलें चौथें साधन, म्हणजे प्रत्यक्ष होडी व ती बांधणारा कारागीर. त्याचे दोन नमुने आम्ही येथें घेतों, एक समुद्रापासून दूरचा व दुसरा किनाऱ्याचा.

भंडारा जिल्हा हा तळ्यांचा जिल्हा. कोहळी लोकांनीं तेथें तळीं बांधिलीं व धीवरांनीं त्यांत मासेमारी केली. मोहाडी तालुक्यांतील आंधळगांव कोशाच्या वस्त्रांकरितां प्रसिद्ध असल्यामुळें तेथील विणकराच्या मागाकडे पाहुण्याचें लक्ष सहज जातें. पण याच जिल्ह्यांतील तळ्यांतून व वैनगंगेंतून चालणाऱ्या डोंग्याकडे तसें जात नाहीं. वस्तुतः दोन्ही विद्या एकाच जातीच्या, बापाच्या हातून लेंकाच्या हातीं जाणाऱ्या. भेद इतकाच कीं, कोशाचें वस्त्र पेटींत टिकतें व डोंगा पाण्यांत कुजतो. बुंधा किती कोरावा व कोठें थांबावें, हेंच डोंग्याचें मुख्य शास्त्र. कड जाड राहिली तर तो जड होतो. पातळ झाली तर तडकतो. तो बांबूनें रेटावयाचा, संथ पाण्यांतला; म्हणून त्यास शिडाची तरतूद लागत नाहीं.

किनाऱ्यावर शीड आलें कीं हेंच शास्त्र बदलतें. निरुंद होडीवर डोलकाठी उभी करून तिरप्या परबाणास शीड बांधिलें, तर वाऱ्याच्या झोतासरशीं ती कलंडते. यावर रत्नागिरी-मालवणकडील कारागिरांनीं काढलेली तोड म्हणजे उलांडी. होडीच्या एका बाजूस दोन आडव्या दांड्यांनीं जोडलेला हा लांकडी तरंगता ओंडका होडीस सांवरून धरितो. कोरलेल्या तळावर फळ्या चढवून त्या काथ्यानें शिवण्याचीही रीत याच किनाऱ्यावर होती. युक्तिकल्पतरूंत समुद्रगामी नौकेस लोखंड वर्ज्य केलें आहे व त्याचें कारण समुद्रांतील लोहचुंबक खेंचील असें दिलें आहे. कारागिराचें कारण साधें असावें: खारें पाणी खिळा खातें, आणि शिवलेली होडी लाटेच्या माऱ्यांत किंचित् लवते, फुटत नाहीं. जेम्स हॉर्नेल यानें हिंदुस्थानांतील होड्यांच्या घडणीवर १९२० सालीं प्रसिद्ध केलेला प्रबंध या चौथ्या साधनाचें महत्त्व ओळखून लिहिलेला आहे.

परदेशांत घरगुती होडीचें दैव याच्या उलट ठरलें. अमेरिकेंत क्लार्क मिल्स यानें १९४७ सालीं मुलांकरितां पावणेआठ फुटांची 'ऑप्टिमिस्ट' नांवाची प्लायवुडची शिडाची होडी आंखली. इंग्लंडांत १९६३ सालीं आलेली 'मिरर' होडी तर प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेनें शिवून व सांधे चिकटवून घरींच जोडावयाची होती. शिवण्याची कल्पना आमच्या कोंकणास नवी नव्हती. नवा होता तो छापील आराखडा. त्यामुळें आंखणारा गेला तरी माप राहिलें. आमच्याकडे माप कारागिराबरोबर जातें.

तें गेल्यावर काय किंमत पडते, याचें उदाहरण ताजें आहे. अजिंठ्याच्या उपर्युक्त चित्रावरून भारतीय नौदलाकरितां एक शिवलेलें जहाज गोव्यांत बांधण्यांत आलें व २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें 'कौंडिण्य' या नांवानें तें नौदलांत दाखल झालें. जुना आराखडा एकही नसल्यामुळें चित्रावरून आकार कल्पावा लागला व मद्रासच्या तंत्रविद्यालयांत प्रतिकृतीची पाण्यांत परीक्षा घ्यावी लागली. तरीही फळ्या शिवण्यास केरळांतील कारागीर हयात होते, म्हणूनच तें साधलें.

गेल्या कांहीं दशकांत कोंकणांत लांकडी होडीची जागा फायबरच्या होडीनें मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. म्हणून पोथ्यांचे संग्राहक जे सज्जन हा लेख वाचतील, त्यांस आमची विनंति आहे. दप्तराच्या शोधांत गांवोगांव हिंडतांना तळ्याकांठीं किंवा बंदरावर जुनी होडी दिसल्यास तिची लांबी, मधली रुंदी, खोली व कडेची जाडी मोजावी. लांकडाची जात लिहावी. शिवण असल्यास दोन भोंकांतील अंतर नोंदावें. आणि कारागीर भेटल्यास तो वीत, मूठ किंवा हात यांपैकीं कोणत्या मापानें मोजतो तें, तसेंच प्रत्येक भागास तो जें नांव देतो तें, त्याच्याच उच्चारानें टिपून घ्यावें. नावेचें छायाचित्र घेतल्यास तें बाजूनें व समोरून असें दोन्हीकडून घ्यावें. पोथीस वाळवी लागली तर दुसरी प्रत कोठेंतरी सांपडण्याची आशा असते. या पोथीची दुसरी प्रत नाहीं.