दिनविशेष : ३० सप्टेंबर – किल्लारीचा भूकंप
१९९३ : गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादची भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून सुमारे १० हजार माणसे दगावली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. पुण्याजवळ वाघोलीत भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त मुलांच्या शिक्षणाची सोय केली. महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून गावोगावी घरबांधणीवर लक्ष ठेवू लागल्या. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा त्यांच्यातल्या काहीजणी तिथे मदतीला धावल्या. घरे सरकार बांधू शकते, गाव मात्र माणसांनाच उभे करावे लागते, हे त्यांनी दाखवून दिले. गेलेल्यांना आदरांजली, सावरणाऱ्यांना नमस्कार.