व्हाया कल्याण: वाट पाहणाऱ्या नवरा-बायकोंचा इतिहास

अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाच्या अर्जात एक साधा प्रश्न असतो. तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशन पिटिशन दाखल केलं आहे का? उत्तरं दोनच, हो किंवा नाही.

२०२५च्या जानेवारीत उल्हासनगरमधल्या एका ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात मी या प्रश्नापाशी अडकले. एजंट म्हणाला, "मॅडम, 'नो' टाका. ही डिपार्टमेंटं एकमेकांशी बोलत नाहीत. नवऱ्याला भेटून या, कोणाला कळतंय?" शेजारच्या दुकानात जीन्सच्या थप्प्या होत्या. आमच्या बाजूला एक जुना विनोद आहे: मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. मी म्हटलं, उद्या सांगते. बदलापूरची लोकल पकडून घरी आले.

आधी माझी भानगड सांगते. नवरा न्यू जर्सीत नोकरीला. आमचं लग्न २०२३च्या मेमध्ये ठरलं होतं. एप्रिलमध्ये त्याचे आजोबा गेले, आणि दोन्ही घरच्या मोठ्यांनी ठरवलं की वर्ष झाल्याशिवाय कार्य करायचं नाही. मधल्या काळात त्याला ग्रीन कार्ड मिळालं. मग लग्न झालं. ग्रीन कार्ड मिळण्याआधी लग्न झालं असतं, तर त्याच्याच अर्जाच्या आधारे बायको म्हणून मलाही जाता आलं असतं. नंतर झालं, म्हणून आमच्यासाठी वेगळी रांग. त्याने आय-१३० नावाचं पिटिशन भरायचं, सरकारने ते मंजूर करायचं, आणि तरीही कोट्यातला आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन नावाचा तक्ता येतो. त्यातली तारीख कधी पुढे सरकते, कधी तिथेच बसून राहते, कधी चक्क मागे जाते. तो नागरिक झाला तर मला रांग नाही; पण त्यासाठी ग्रीन कार्डावर साधारण पाच वर्षं काढावी लागतात.

थांबायला हरकत नाही. पण थांबताना भेटायचं की नाही? या प्रश्नाने मला इतिहासात ढकललं. आणि पहिली बाई सापडली ती बदलापूरहून चौथ्या स्टेशनवर.

कल्याणची आनंदी

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५चा, कल्याणचा. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव पोस्टातला नोकरदार, वयाने कितीतरी मोठा. संसार काही आदर्श नव्हता, शिक्षणासाठी गोपाळराव तिला मारतही. पण ७ एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून बोट सुटली तेव्हा अठरा वर्षांची आनंदी नवऱ्याशिवाय निघाली होती. जूनमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली आणि न्यू जर्सीतल्या रोसेल गावी थिओडिशिया कारपेंटर या बाईंच्या घरी राहिली. आनंदी त्यांना मावशी म्हणायची.

शाळेत आपण हे वाचतो ते 'पहिली महिला डॉक्टर' म्हणून. मी ते या वेळी कागदपत्रांसाठी वाचलं. तिच्याकडे व्हिसा नव्हता, कारण व्हिसा नावाची गोष्टच लागत नव्हती. नंतर गोपाळरावही अमेरिकेत पोचले. ११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियाच्या पदवीदान समारंभात ते हजर होते, पंडिता रमाबाईही होत्या. नवऱ्याने बायकोला भेटायला समुद्र ओलांडून यावं, आणि 'तुम्ही परत जाणार याचा पुरावा काय?' असं सरकारने विचारू नये, हे तेव्हा साधं होतं.

सगळ्यांसाठी नव्हे. १८७५च्या पेज कायद्याने चिनी बायकांना जवळपास अडवलंच होतं. नवऱ्याकडे निघालेल्या बाईलाही आधी आपण वेश्या नाही हे पटवून द्यावं लागे. १८८२मध्ये चिनी मजुरांना बंदी झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसावर ५० सेंट कर बसवला आणि 'सरकारवर बोजा होईल' अशा माणसाला परत पाठवायची सोय केली. हा 'बोजा' शब्द विसरू नका. आज माझ्या नवऱ्याला आय-८६४ नावाच्या प्रतिज्ञापत्रात लिहून द्यायचं आहे की बायकोला मी पोसेन, आणि मिळकत दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के दाखवायची आहे. त्या कागदामागची भीती १८८२चीच आहे.

लग्न सिद्ध करा

दुसरी अडचण लग्नच. आमच्या फाइलमध्ये नगरपरिषदेचा नोंदणी दाखला आहे, त्याचं इंग्रजी भाषांतर आहे, हळदीपासून सत्यनारायणापर्यंतचे फोटो आहेत, व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट आहेत. आई म्हणाली, "पाचशे माणसं जेवून गेली, अजून काय पुरावा हवा?"

हाच प्रश्न दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांनी ११२ वर्षांपूर्वी विचारला होता. १४ मार्च १९१३ला केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम या स्त्रीच्या प्रकरणात निकाल दिला. बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माप्रमाणे लागलेलं लग्न इमिग्रेशनच्या कायद्यासाठी लग्न नव्हे, म्हणून तिला नवऱ्याकडे येऊन राहायचा हक्क नाही. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळ्यांच्याच बायका एका फटक्यात कायद्याच्या नजरेत बायका उरल्या नाहीत. याच रागातून कस्तुरबांसह बायका सत्याग्रहात उतरल्या, तुरुंगात गेल्या. १९१४च्या कायद्याने अशी लग्नं, एकाच पत्नीपुरती, मान्य झाली. नवऱ्याकडे जाऊन राहायचा हक्क तुरुंगात जाऊन मिळवावा लागला, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

अमेरिकेने तर १९१७मध्ये जवळपास सगळ्या आशियालाच कुलूप घातलं. १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः आधीच अमेरिकन नागरिक झालेले होते. या निकालानंतर सरकार त्यांचंही नागरिकत्व काढायला निघालं. त्यांची बायको गोरी अमेरिकन. तेव्हाचा कायदा असा की नागरिकत्वाला 'अपात्र' परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं स्वतःचं नागरिकत्व जायचं. म्हणजे इथे नवऱ्यामुळे बायको आपल्याच देशात परकी ठरणार होती. पंडित लढले आणि जिंकले. १९२७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायलाही नकार दिला. बायकांबद्दलचं ते कलम १९३१मध्ये गेलं.

१९४६मध्ये कुलूप थोडं उघडलं: भारतीयांसाठी वर्षाला १०० जागा. आमच्या सोसायटीच्या एका विंगमध्ये याहून जास्त माणसं राहतात. ३ ऑक्टोबर १९६५ला अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने देशांनुसारचे जुने कोटे गेले. आपले काका, मामा, शेजारचे डॉक्टर अमेरिकेला गेले ते या कायद्यामुळे. पण त्यानेच आजच्या दोन रांगा पक्क्या केल्या. नागरिकाच्या जोडीदाराला संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराला आहे. प्रेमात फरक नाही, कार्डात आहे.

आता भेटीची गोष्ट. १९५२च्या कायद्यातलं २१४(ब) हे कलम सांगतं की व्हिजिटर व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरायचं. तसं नाही हे अर्जदाराने सिद्ध करायचं. आणि माझ्या नावाने तर 'हिला कायमचं राहायला येऊ द्या' असा अर्ज पडलेला. पिटिशन असलं म्हणजे भेटीला बंदी असते असं नाही. काहींना व्हिसा मिळतो, काहींना विमानतळावरचा अधिकारी पुन्हा खोदून विचारतो, काहींना नकार मिळतो.

हा पेच अमेरिकेच्या संसदेलाही कळला होता. २०००मध्ये तिने 'व्ही' नावाचा व्हिसा काढला, नेमका माझ्यासारख्यांसाठी: ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराने तीन वर्षं वाट पाहिली असेल तर उरलेली वाट अमेरिकेत, एकत्र राहून पाहावी. अट एकच, पिटिशन २१ डिसेंबर २००० किंवा त्याआधीचं हवं. त्या दिवशी मी जन्मलेही नव्हते.

कॅम्पातली वहिनी

एजंटकडून परतल्यावर मी कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन केला. ती उल्हासनगरच्या कॅम्प तीनची. ती म्हणाली, "फॉर्मबद्दल विचारायचंय ना, मग आमच्या भाभीला विचार."

उल्हासनगर वसलं तेच मुळी कागदावर. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणजवळची लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना बराकींमध्ये ठेवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी नव्या गावाची पायाभरणी केली. त्याच काळात सीमेवर परमिट आलं होतं. जुलै १९४८पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायला परमिट लागू लागलं. १९५२च्या ऑक्टोबरात पासपोर्ट आणि व्हिसा. परमिटांमध्येही दोन मुख्य जाती: तात्पुरत्या भेटीचं आणि कायम परतायचं.

या दोहोंमधला फरक एका बायकोला किती महाग पडला ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९५५च्या निकालात आहे: बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंग. बिहारमधल्या एका जमीनदाराची पत्नी जुलै १९४८मध्ये कराचीला गेली. डिसेंबरात ती भारतात आली, पण तात्पुरत्या परमिटवर. ते मिळवताना अर्जात तिने आपण पाकिस्तानच्या रहिवासी असल्याचं लिहिलं. मुदत संपताना, एप्रिल १९४९मध्ये, ती परत गेली. पुढे कायमच्या परमिटवर आली, तर ते रद्द झालं. नवरा भारतीय, मग बायको भारतीयच, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो मानला नाही. ती पाकिस्तानला स्थलांतरित झाली, म्हणून नागरिक नाही. तात्पुरत्या भेटीसाठी अर्जात लिहिलेलं वाक्य तिच्याच विरुद्ध पुरावा झालं.

मैत्रिणीची भाभी २०१८मध्ये सिंधमधून लग्न होऊन आली. लाँग टर्म व्हिसावर राहते. भारतीयाशी लग्न केलेल्या माणसाला सात वर्षं इथे राहिल्यावर नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. नागरिकत्व देण्याचा अधिकार २०१६मध्ये केंद्राने ज्या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिला, त्यांत आपला ठाणे जिल्हाही होता. पण अर्जाआधीचे सलग बारा महिने भारतात असावं लागतं. विशेष कारण असेल तर फार तर तीस दिवसांची सूट मिळू शकते. माहेरी जायचं तर आधी परतीची परवानगी काढा, मग जा, आणि जितके दिवस तिकडे राहाल तेवढं इकडचं गणित बिघडतं.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा भाभी पापड भाजत होती. तिने सांगितलं, दोन वर्षांपूर्वी आई आजारी होती. ती गेली नाही. रोज व्हिडिओ कॉल करायची. आई गेल्यावर अंत्ययात्राही फोनवर पाहिली. "मी विचार केला, गेले आणि अडकले तर इकडे मुलगी दोन वर्षांची." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू खोटं लिहू नको. कागद माणसापेक्षा जास्त जगतो."

तीन महिन्यांनी, पहलगामच्या हल्ल्यानंतर, २७ एप्रिल २०२५पासून पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंना दिलेले लाँग टर्म व्हिसा कायम राहतील असं सरकारने स्पष्ट केलं होतं. तरी त्या आठवड्यात त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. भाभीने प्लास्टिकच्या पिशवीतले सगळे कागद उशाशी घेतले होते.

'हो'

मी अर्जात 'हो' लिहिलं. एजंटचं म्हणणं नंतर तपासलं. व्हिसासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर अमेरिकेच्या कायद्यात जन्मभराची बंदी बसू शकते. माफीचा अर्ज असतो, पण तो मंजूर होईलच असं नाही. एका महिन्याच्या भेटीसाठी तो एक 'नाही' मला आयुष्यभर पुरला असता.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारले. नवरा कुठे आहे, पिटिशन कधी भरलं, इथे काय करता. मी अंबरनाथच्या कंपनीचं पत्र पुढे केलं, ते त्याने पाहिलं नाही. छापील कागद मिळाला: २१४(ब). बाहेर येऊन रडले, मग वडापाव खाल्ला, मग लोकल पकडली.

गणपतीत नवरा आला, वीस दिवसांसाठी. ग्रीन कार्डवाल्याला बाहेर जाऊन यायला मुभा असते, फार काळ राहायचं नाही एवढंच. गौरीच्या दिवशी भाभी आणि मैत्रीण आमच्याकडे जेवायला आल्या. भाभीची सात वर्षं भरली होती, अर्जाची तयारी चालू होती. नवऱ्याने विचारलं, "भाभी, नागरिकत्व मिळाल्यावर पहिलं काय करणार?"

ती म्हणाली, "पासपोर्ट काढणार. मग व्हिसा मागणार. आईचं घर एकदा बघायचंय."

म्हणजे तिला पुन्हा फॉर्म भरायचा आहे, या वेळी उलट्या बाजूने. जेवणं झाल्यावर मी मोबाइल काढून नव्या महिन्याचं बुलेटिन उघडलं. आमची तारीख तिथेच होती. नवऱ्याने फोन हातातून घेतला, बाजूला ठेवला, आणि म्हणाला, "अजून बारा दिवस आहेत."