नवगावचे ढीग आणि बेथ शेआरीमची दगडी दारं

ब्रह्मपुरीत सापडलेला पोसायडन आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये तुम्ही पाहिला असेल. तेव्हा पश्चिमेचा माल, माणसं इकडं यायची यात नवल नाही.

अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही बेने इस्रायलींची परंपरा. बुडालेल्यांना तिथंच पुरलं, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. कधी? इ.स.पू. 175च्या सुमारास, असं सांगतात. पण त्या ढिगांवर ना जुना लेख, ना चिन्ह.

आता गॅलिलीतलं बेथ शेआरीम बघा. 1936 पासून बेंजामिन मझार यांनी तिथं उत्खनन केलं. डोंगर पोखरून केलेली दालनं. दारं दगडाची, पण लाकडी वाटावीत म्हणून खिळ्यांसकट कोरलेली! भिंतींवर मेनोरा, म्हणजे मंदिरातला सात फाट्यांचा दीप. शवपेट्यांवर सिंह, गरुड, एकीवर तर चक्क ग्रीक पुराणातली लीडा आणि हंस. मूर्ती निषिद्ध मानणाऱ्या समाजात, तेही मिश्नाचे संपादक येहुदा हनासी यांना जिथं पुरलं त्या गावात! लेख बहुतेक ग्रीक. त्यांवरून कळतं, कुणी पाल्मिराचा, कुणी येमेनकडचा.

नवगावला हा आधार नाही. मग अभ्यासक रीतींकडे वळतात. यांना हनुक्का माहीत नव्हता, म्हणजे तो सण सुरू होण्याआधीच, इ.स.पू. 164च्या आधी, ते निघाले असणार. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. इतकी शतकं एकटा राहिलेला समाज सण विसरूही शकतो की. शनिवार मात्र विसरले नाहीत. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून तर नाव पडलं शनवारतेली.